नगरसेवकाकडे काम घेऊन जाताना: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात दोन गोष्टी कळतात. एक, गेटसमोर पाणी नेमकं कुठं साचतं. दोन, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नगरसेवक झोपलेत का?’ असं लिहिणारे किती जण आहेत. रात्री अकरा वाजता टाकलेल्या खड्ड्याच्या फोटोवर रागाच्या इमोजींचा पाऊस पडतो. महापालिकेत तो फोटो कोणी बघत नाही.

लातूर, जळगाव, अकोला, कुठूनही आला असाल, गावाकडं सरपंच किंवा नगरसेवक निदान तोंडओळखीचा असतो. लग्नात, बाजारात, पारावर गाठ पडते. इथं तसं होत नाही. त्यातून गेल्या काही वर्षांत पुण्यात आलेल्या कितीतरी कुटुंबांनी आपला नगरसेवक पाहिलेलाच नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली, ती पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळपास चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे होता. आता सभागृह आलंय, पण ‘कोणाकडं जायचं, काय घेऊन जायचं’ याची सवयच मोडली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नगरसेवक खड्डा बुजवत नाही. त्याच्याकडे डांबर नाही, बिगारी नाहीत, जेसीबी नाही. (काहींच्याकडे जेसीबी असतो, पण तो वेगळा विषय.) त्याच्या हातात तीन गोष्टी आहेत: सभागृहात आणि समितीत बोलण्याचा अधिकार, अंदाजपत्रकात काम सुचवण्याची सोय, आणि अधिकारी उचलतील असा फोन. आपलं काम या तिन्हींपैकी कशात बसतं हे ठरवून गेलात तर हेलपाटे कमी होतात.

१. आपला प्रभाग, आणि त्यातले चौघे

पत्त्यातलं नाव आणि प्रभाग यांचा संबंध असेलच असं नाही. बिल्डरच्या जाहिरातीतलं नाव तर पूर्ण विसरा. प्रभागाची हद्द कित्येकदा रस्त्याच्या मधून जाते; तुमच्या बाजूची गल्ली एका प्रभागात आणि समोरचा वडापाववाला दुसऱ्या. महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रभागांचे नकाशे असतात. ते उघडून बघा, नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. शहरात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: औंध-बाणेर, कोथरूड-बावधन, हडपसर-मुंढवा, धनकवडी-सहकारनगर अशी जोडनावांची. आपलं कार्यालय कोणतं हे नगरसेवकाच्या नावाआधी माहीत हवं, कारण रोजची कामं तिथूनच होतात.

आता गोंधळाची जागा. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. म्हणजे एका प्रभागात चार, आणि एका प्रभागात तर पाच. मतदानाच्या वेळी अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळी बटणं दाबली असतील, पण निवडून आल्यावर त्यांच्यात प्रभागाची वाटणी होत नाही. चौघंही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी. कागदावर तरी. प्रत्यक्षात चौघं आपापसात भाग वाटून घेतात आणि ‘तुमची सोसायटी त्या ताईंकडे येते’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर ऐकून परत फिरू नका. अर्जाची प्रत चौघांच्या नावे काढा, चौघांना द्या, आणि पाठपुरावा मात्र एकाकडेच करा, जो फोन उचलतो त्याच्याकडे. चौघांच्या मागं एकाच वेळी लागलात तर प्रत्येक जण दुसरा बघतोय असं धरून चालतो.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमच्या चौघांत साधारण दोन नगरसेविका असणारच. काही ठिकाणी भेटायला गेल्यावर समोर त्यांचे यजमान बसलेले दिसतात आणि सगळे त्यांनाच ‘साहेब’ म्हणत असतात. बोला त्यांच्याशी, नमस्कार करा, पण पत्र नगरसेविकेच्याच नावे द्या आणि ‘ताईंची वेळ कधी मिळेल’ हे विचारा. सभागृहात हात वर करण्याचा अधिकार त्यांचा आहे, यजमानांचा नाही.

आणखी एक, जरा अवघड वाटेल असं. ‘मतदान इथंच आहे ना?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच. भाडेकरू असलात तरी नागरिक म्हणून तक्रार करायचा तुमचा हक्क तितकाच आहे, मतदार असण्याची अट कुठंही नाही. तरीही नाव गावाकडंच ठेवून इथल्या रस्त्यावर भांडणाऱ्यांचा आवाज बारीक पडतो, हे खरंय. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८, नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर नमुना ६. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, वेगळी नोंदणी लागत नाही. तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत चाळीसच मतदार असतील तर कार्यकर्त्यांना ते तुमच्याआधी माहीत असतं.

२. तक्रार वेगळी, मागणी वेगळी

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून इथं जरा थांबू.

जे आहे ते बिघडलंय, ही तक्रार. दिवा बंद, चेंबरचं झाकण तुटलेलं, ड्रेनेज तुंबलेलं, कचऱ्याची गाडी आली नाही, पाण्याला दाब नाही. यासाठी पैसे आधीच मंजूर असतात, माणसं नेमलेली असतात. यासाठी नगरसेवकाकडं धावण्याची गरज नाही. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ ॲपवर तक्रार टाका, तक्रार क्रमांक घ्या, आणि त्या विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला गाठा. दिव्याच्या खांबावर क्रमांक लिहिलेला असतो, तो तक्रारीत टाकलात तर वायरमन थेट त्या खांबाशी येतो. ‘मंदिराजवळचा दिवा’ लिहिलंत तर मंदिरं मोजत बसतो. कचऱ्यासाठी आरोग्य निरीक्षक आणि त्याच्या हाताखालचा मुकादम ही दोन माणसं ओळखीची हवीत. मुकादम सकाळी हजेरी कोठीवर, म्हणजे सफाई कर्मचारी हजेरी लावतात तिथं भेटतो, दुपारी नाही.

जे नाहीच आहे ते हवंय, ही मागणी. नवी पावसाळी गटार, पदपथ, उद्यान, दवाखाना, नवा रस्ता, पाण्याची मोठी लाईन. याला पैसे लागतात, पैशाला अंदाजपत्रकात जागा लागते, आणि ती जागा मिळवून देणं हे नगरसेवकाचं खरं काम.

लोक नेमकं उलटं करतात. बंद दिव्यासाठी नगरसेवकाला रात्री फोन, आणि नव्या गटारीसाठी ॲपवर तक्रार. ॲपवरची ती तक्रार ‘सदर ठिकाणी पावसाळी लाईन अस्तित्वात नाही’ अशा शेऱ्यासह निकाली निघते. शेरा चूक नसतो. विचारणाऱ्यानं चुकीच्या खिडकीवर विचारलेलं असतं.

तक्रार वारंवार येत असेल तर ती मागणी होते. तेच चेंबर दर महिन्याला तुंबत असेल तर लाईनचा व्यास अपुरा आहे किंवा उतार चुकलाय. त्या चेंबरच्या जुन्या तक्रारींचे क्रमांक एका कागदावर लिहा. नगरसेवकाच्या हातात द्यायला याच्याइतका चांगला कागद नाही, कारण अधिकाऱ्याला ‘तिथं काही प्रॉब्लेम नाही’ म्हणायची सोयच उरत नाही.

३. मुळात हे महापालिकेचं आहे का?

महापालिकेच्या हद्दीतलं सगळंच महापालिकेचं नसतं. वीज गेली तर महावितरण. बसचा मार्ग, थांबा, फेऱ्या हे पीएमपीएमएल. सिग्नल, नो पार्किंग, एकेरी वाहतूक हे वाहतूक पोलीस. कालव्याच्या कडेचा भाग पाटबंधारे खात्याचा. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावरचा खड्डा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, जरी तो तुमच्या बाल्कनीतून दिसत असला तरी. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा कारभारच निराळा. स्पीडब्रेकर हवा असेल (तो सगळ्यांनाच हवा असतो, फक्त आपल्या गेटसमोर) तर पथ विभाग आणि वाहतूक पोलीस या दोघांचं म्हणणं जुळावं लागतं. झाडाची फांदी खिडकीत आली म्हणून सोसायटीनं परस्पर तोडली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. उद्यान विभागाची परवानगी घ्या.

सोसायटीच्या कंपाउंडच्या आतला रस्ता, आतले दिवे, आतलं ड्रेनेज हे तुमचं. ‘आम्ही टॅक्स भरतो’ हे वाक्य तिथं चालत नाही.

बाहेरच्या रस्त्याचं मात्र एक गौडबंगाल आहे, ते नव्या भागात राहणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवं. विकास आराखड्यात रस्ता दाखवलेला असतो, बिल्डरनं फ्लॅट विकताना तो रस्ता नकाशावर ठळक काढलेला असतो, पण जमीन अजून मूळ मालकाच्याच नावे असते. महापालिका म्हणते ‘जागा ताब्यात नाही’. जागा ताब्यात नसेल तर डांबर पडत नाही, नगरसेवक कितीही वजनदार असो. अशा ठिकाणी ‘रस्ता करा’ असा अर्ज वाया जातो. ‘सदर रस्त्याच्या भूसंपादनाची सद्यःस्थिती कळवावी आणि उर्वरित जागा ताब्यात घेण्याची कार्यवाही करावी’ असा अर्ज करा. मग नगरसेवकालाही जमीनमालकाशी बोलायला काहीतरी धागा मिळतो.

पाण्याचंही तसंच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या अनेक भागांत आजही टँकर चालतात. नव्या भागात बांधकाम परवानगी घेताना ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन’ असं हमीपत्र बिल्डरांकडून घेतलं जायचं. तुमच्या इमारतीचं असं हमीपत्र आहे का, हे बांधकाम विभागातून काढा. टँकरच्या बिलाचं ओझं कोणावर, हा वाद त्या एका कागदावर फिरतो.

४. अर्ज

लांबलचक लिहू नका. ‘आम्ही त्रस्त नागरिक’ वगैरे काढून टाका. असा पुरतो:

प्रति, मा. सहाय्यक आयुक्त, (अमुक) क्षेत्रीय कार्यालय, पुणे महानगरपालिका.
प्रत: मा. नगरसेवक / नगरसेविका, प्रभाग क्र. (अमुक), अ, ब, क, ड.
विषय: (अमुक) सोसायटी ते (अमुक) चौक या रस्त्यावर पावसाळी गटार करण्याबाबत.
महोदय, वरील रस्त्यावर पथदिवा खांब क्र. (अमुक) ते खांब क्र. (अमुक) या सुमारे ६० मीटर भागात प्रत्येक मोठ्या पावसात गुडघाभर पाणी साचते. या भागात पावसाळी गटार नाही. जवळचे चेंबर (अमुक) दुकानासमोर आहे. शाळेत जाणारी मुले याच रस्त्याने जातात. कृपया स्थळ पाहणी करून पूर्वगणनपत्रक तयार करावे व पुढील अंदाजपत्रकात कामाचा समावेश करावा.
सोबत: फोटो, हाताने काढलेला नकाशा, रहिवाशांच्या सह्या, पूर्वीच्या तक्रारींचे क्रमांक.

बोलताना सगळे ‘एस्टिमेट’ म्हणतात, कागदावर मात्र ‘पूर्वगणनपत्रक’ लिहा. एका अर्जात एकच काम. खड्डा, दिवा आणि भटकी कुत्री एका कागदावर आली की तो कागद तीन खात्यांच्या मध्ये पडून राहतो. मागणी एका सोसायटीची न वाटता रस्त्याची वाटली पाहिजे, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्या, किराणा दुकानदार आणि समोरची जुनी वस्ती यांच्याही सह्या घ्या. वस्तीतल्या लोकांना प्रभागाची नाडी तुमच्यापेक्षा जास्त कळते, आणि त्यांचा शब्द नगरसेवकाकडं जड असतो. फ्लॅटवाले स्वतंत्र शिष्टमंडळ घेऊन जातात तेव्हा हे विसरतात.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवा, मी सांगतो’ असं कोणी म्हणालं तर हसून पोच मागा.

५. जनसंपर्क कार्यालयात

बहुतेक नगरसेवकांचं जनसंपर्क कार्यालय असतं: रस्त्यालगतचा गाळा, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत पक्षाच्या नेत्यांचे फोटो आणि एक कार्यकर्ता रजिस्टर घेऊन. सकाळची वेळ बरी. खुर्च्यांवर बसलेल्यांची कामं ऐका, प्रभाग समजतो. कोणाला रहिवासी दाखला हवाय, कोणाला आधारचा पत्ता बदलायला नगरसेवकाची सही, कोणाला दवाखान्याच्या बिलासाठी शहरी गरीब योजनेची माहिती, कोणाच्या मुलाचं शाळेचं ॲडमिशन. तुमची पावसाळी गटार या सगळ्यांच्या रांगेत आहे. तेव्हा चाळीस जणांचा घोळका नेण्यापेक्षा तिघं-चौघं जा, त्यातली एक बाई असू द्या, एक ज्येष्ठ नागरिक असू द्या, आणि बोलायचं एकानंच. दादा, भाऊ, ताई, साहेब, मॅडम, जे तिथं चालतं ते म्हणा. पहिल्या वाक्यात काम सांगा. दहा वर्षांचा इतिहास आणि आधीच्यांनी काय केलं नाही हे सांगत बसलात तर पाच मिनिटं तिथंच संपतात.

‘करून टाकू’ हे उत्तर घेऊन उठू नका. गोड असतं, पण त्याला तारीख नसते. तीन नेमकी वाक्यं मागा: पाहणीला अभियंत्याला कधी बोलावताय? काम कोणत्या निधीतून सुचवणार? तुमचं पत्र आम्हाला कधी मिळेल? नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं पत्र अधिकाऱ्याच्या फाईलला लागलं की तुमचा अर्ज नागरिकाचा राहत नाही, प्रभागाचा होतो. त्या पत्राचीही प्रत आणि आवक क्रमांक तुमच्याकडे हवा.

स्थळ पाहणी ठरली की कामावरून सुट्टी काढा, पण तिथं हजर राहा. अभियंता, नगरसेवक आणि कार्यकर्ते गाडीतून उतरतात, दहा मिनिटांत बघून जातात. ऊन असेल तर पाणी कुठं साचतं हे कोणालाच दिसत नाही. म्हणून पावसाळ्यातला व्हिडिओ मोबाईलमध्ये तयार ठेवा, आणि भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तीवर बोट ठेवा. अभियंत्याला विचारा, पाणी कुठल्या चेंबरला जोडाल, नाल्यापर्यंत उतार मिळतो का. तो खिशातला टेप काढून मोजायला लागला की समजा काम कागदावर येणार.

६. पैसे कुठून, आणि कधी मागायचे

यात चुकीच्या महिन्यात गेलात तर वर्ष गेलं.

महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीसमोर (खर्चाचे निर्णय घेणारी नगरसेवकांची समिती) मांडतात, समिती त्यात भर घालून मुख्य सभेपुढं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढं ठेवते, आणि मार्चअखेर ते मंजूर होतं. म्हणजे जानेवारी ते मार्च हा सगळा आकड्यांचा काळ. त्याआधी, दिवाळीच्या आसपास, तुमचं काम खात्याच्या आणि नगरसेवकाच्या यादीत असलं पाहिजे. मे महिन्यात ‘यंदा गटार करा’ म्हणून गेलात तर तोवर सगळं वाटून झालेलं असतं, आणि जूनपासून खोदाईही थांबते. हिशोब असा धरा: या पावसाळ्यात अर्ज, हिवाळ्यात तरतूद, एप्रिलनंतर निविदा आणि कार्यादेश (वर्क ऑर्डर), मग पुन्हा पाऊस, आणि प्रत्यक्ष खोदाई दिवाळीनंतर. ऐकायला वाईट वाटतं, पण हे माहीत असलं की विनाकारण कोणावर चिडायला होत नाही.

लहान कामांसाठी दोन जवळच्या वाटा आहेत.

एक, नागरिकांच्या सहभागातून होणारं अंदाजपत्रक. पुणे महापालिकेनं हे २००६-०७ पासून सुरू केलं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रांतून आवाहन येतं, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन मिळतो, आणि पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. पदपथाचा तुकडा, बसथांब्याजवळचं बसणं, दिव्याचे खांब, ज्येष्ठांसाठी रेलिंग अशी कामं यात छान बसतात. फॉर्म कोणीही भरू शकतो, पण निवड प्रभाग पातळीवर होते, त्यामुळे भरलेल्या फॉर्मची प्रत नगरसेवकाला द्यायला विसरू नका.

दुसरी, ‘स’ यादी. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागात सुचवलेली कामं अंदाजपत्रकात या यादीत येतात. तुमच्या गल्लीच्या टोकाला ज्यावर नाव रंगवलेलं बाकडं आहे, ते बहुधा याच वाटेनं आलं. बाकडी, कमानी, नामफलक यांची हौस या निधीनं भरपूर भागवली आहे. नगरसेवकाला दोष देताना हेही बघा की बाकडं मागणारे लोकच जास्त असतात. जमिनीखालची गटार उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. ती तुम्ही मागितलीत तर निदान यादीत येईल.

वर्ष संपत आलं की न वापरलेले पैसे एका कामावरून दुसऱ्याकडं वळवण्याचे वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात. तुमच्या मंजूर कामाचे पैसे असेच दुसरीकडं जाऊ शकतात. म्हणून काम मंजूर झालं तरी डिसेंबरात एकदा ‘निविदा निघाली का’ हे विचारून या.

७. सभा बघायला जा

मुख्य सभा दर महिन्याला होते आणि कायद्यानं ती लोकांसाठी खुली असते. प्रवेशाचं काय ते शिवाजीनगरच्या महापालिका भवनात नगरसचिव कार्यालयात विचारा. कार्यपत्रिकाही तिथूनच येते. नव्या इमारतीतलं सभागृह देखणं आहे. जून २०१८ मध्ये उद्घाटनाच्याच दिवशी त्याच्या छतातून पाणी गळलं होतं, तेव्हा गळक्या छताची तक्रार तिथं नवी नाही. पहिल्यांदा गेलात तर गोंधळ वाटेल: हरकतीचे मुद्दे, घोषणा, आणि सगळ्या विषयांआधीच सभा तहकूब. तरी आपल्या नगरसेवकानं काय विचारलं, काही विचारलं का, हे डोळ्यांनी दिसतं.

तुमच्या कामासाठी मात्र प्रभाग समिती जास्त उपयोगाची. तिच्या क्षेत्रातले सगळे नगरसेवक आणि सहाय्यक आयुक्त तिथं एकत्र असतात, महिन्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयात बैठक होते, पाणी-ड्रेनेज-कचरा हेच विषय असतात. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी समितीवर घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ते कोण आहेत हे शोधा. अनेकदा तेच तुमचा मुद्दा नीट मांडतात. ‘हा विषय पुढच्या प्रभाग समितीत घ्या’ एवढी मागणी नगरसेवकाकडे केली तर त्याला ती टाळणं अवघड जातं. आणि काही क्षेत्रीय कार्यालयांत नागरिकांबरोबर मोहल्ला कमिटीची बैठक होते, तिथं तर कोणालाही बोलता येतं.

मुंबईत राहत असाल तर मांडणी जरा सोपी आहे: २२७ प्रभाग, प्रत्येकी एकच नगरसेवक, आणि तक्रारीला १९१६. बाकी कागदाचा प्रवास फार निराळा नाही.

८. गणपती, हळदीकुंकू आणि फ्लेक्स

नगरसेवकाशी ओळख तक्रारीतूनच व्हावी असं नाही. आरोग्य शिबिर, आधार कॅम्प, दिवाळी पहाट, किल्ले स्पर्धा, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, संक्रांतीचं हळदीकुंकू हे प्रभागात वर्षभर चालू असतं. एखाद्याला जा. पक्ष आवडत नाही म्हणून कोपऱ्यात उभे राहिलात तरी चालेल, पण तिथंच आरोग्य निरीक्षक आणि शाखा अभियंता सहज भेटतात.

सोसायटीत स्वतः कार्यक्रम घेत असाल आणि मांडव रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेची, पोलिसांची आणि वाहतूक शाखेची परवानगी वेळेत घ्या. मंडळ नोंदणीकृत नसेल आणि बाहेर वर्गणी मागायची असेल तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हे नव्या सोसायट्यांना माहीतच नसतं. स्पीकर रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच, आधी जाहीर झालेल्या दिवसांना. ‘नगरसेवक आहेत की’ म्हणून ही वेळ वाढत नाही.

नगरसेवकाला बोलवायचं तर आरतीला बोलवा, आणि नंतर पंधरा मिनिटं हॉलमध्ये बसवा. विषय तीनच, आधी लेखी कळवलेले. कोणीतरी काय ठरलं ते लिहून घ्या आणि निरोपाआधी मोठ्यानं वाचून दाखवा. सगळ्यांसमोर वाचलेलं नाकारणं जड जातं.

काम झालं की ‘आमच्या प्रयत्नांना यश’ असा फ्लेक्स लागेल. चार पक्षांचे चार नगरसेवक असतील तर चार लागतील. श्रेयावरून त्यांच्यात जुंपली तर मध्ये पडू नका. आभाराचं पत्र चौघांना द्या, अभियंत्यालाही द्या, त्याला कोणी देत नाही. मात्र सोसायटीच्या खर्चानं चौकात फ्लेक्स लावू नका. विनापरवाना फ्लेक्सचा दंड तुमच्या नावावर येईल.

९. अडलंच तर

दोन-तीन महिने काही हललं नाही तर आवाज चढवण्याआधी फाईल बघा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहू देण्याची पद्धत पुण्यात सुरू झाली आणि राज्य सरकारनं २०१८ मध्ये ती इतरत्रही लागू केली. ती आता चालू आहे का हे आधी विचारून घ्या. आवक क्रमांक घेऊन जा, फाईल कोणाच्या टेबलावर आहे आणि शेवटचा शेरा काय आहे ते बघा. बहुतेकदा अडकण्याचं कारण एका ओळीचं असतं: ‘जागेबाबत अभिप्राय आवश्यक’, ‘तरतूद उपलब्ध नाही’. त्या एका ओळीचा फोटो नगरसेवकाला पाठवा. ‘अधिकारी ऐकत नाहीत’ यापेक्षा ‘मालमत्ता विभागाचा अभिप्राय अमुक तारखेपासून बाकी आहे’ हे त्याला सभागृहात वापरता येतं.

फाईल दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथं वैयक्तिक गाऱ्हाणी घेतात आणि विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. रस्त्याच्या सामूहिक मागणीसाठी ती जागा नव्हे. तुमच्या एकट्याच्या मिळकतकराच्या घोळासाठी आहे.

आणि काम पूर्ण झालं की कार्यादेशाची प्रत मागून घ्या. त्यात ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत गटार खचली, झाकण फुटलं, डांबर उखडलं तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. ती तारीख सोसायटीच्या ऑफिसात लिहून ठेवा, मुदत संपण्याआधी एकदा चालत जाऊन सगळी झाकणं बघा, आणि काही दिसलं तर जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन अर्ज टाका. याला नवी तरतूद लागत नाही, आणि दिवाळीची वाटही बघावी लागत नाही.